काट्याची पावती मिळते, बांधणीची कोण देतो?

पोस्ट लांब आहे. पण जो कुणी रोज दुचाकीवरून भंडारा-तुमसर, भंडारा-पवनी किंवा महामार्गाने लाखनी-साकोलीकडे जातो, त्याच्या कामाची आहे. सवडीने वाचा.

धानाचा हंगाम आला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते बदलतात. आधारभूत केंद्रावरून गोदामात, गोदामातून भरडाईला राईस मिलमध्ये, मिलमधून तांदूळ परत सरकारी गोदामात. एकच दाणा तीन-तीन वेळा ट्रकवर चढतो. यात वैनगंगेच्या घाटांवरची रेती जोडा, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याचं मँगनीज जोडा, वरठीचं पोलाद जोडा, विटा, गिट्टी, तणस जोडा. शिवाय नागपूर-रायपूरचा जुना सहा नंबर, म्हणजे आताचा ५३ नंबरचा महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो, त्यावरची परराज्यातली वाहतूक वेगळीच. मालाच्या गाड्या हे आपल्या जिल्ह्याचं पोट आहे. लाखनी तालुक्यात गडेगावला तर अशोक लेलँडचा कारखानाच आहे. तेव्हा ट्रक नको, असं म्हणणारा मी नाही. ट्रकवरचा माल कसा बांधलेला असतो, एवढंच मला बोलायचं आहे.

एक साधं निरीक्षण सांगतो. कुठल्याही मिलमधून, खाणीतून, कारखान्यातून गाडी काट्यावर चढल्याशिवाय सुटत नाही. रिकामी गाडी किती, भरलेली किती, निव्वळ माल किती, सगळं पावतीवर छापून येतं. दहा किलोचा फरक निघाला तरी वाद होतो. मॅनेजर येतो, ड्रायव्हर येतो, मालकाला फोन लागतो. का? कारण त्यात पैसा आहे.

तीच गाडी दोर सैल, ताडपत्री अर्धी, फाळक्याच्या एका बाजूला खिळीच्या जागी तार, अशी गेटातून निघते तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. कारण त्यात पैसा नाही. त्यात फक्त मागून येणाऱ्याचा जीव आहे, आणि तो मागून येणारा अजून घरून निघालेला नसतो.

मी या विषयावर गेल्या काही दिवसांत बऱ्याच लोकांशी बोललो. नावं लिहीत नाही, कारण प्रत्येकाचं पोट यावर आहे.

हमालदादा म्हणाले, "भरून देणं आमचं काम जी. कट्ट्यामागं पैसे भेटते. बांधाचे पैसे कोण देते?"

ड्रायव्हर म्हणाला, "रात्रभर लायनीत उभा होतो भाऊ. गाडी भरली का निंगायची घाई. ताडपत्री वढली, दोन दोर मारले, झालं."

मॅनेजर म्हणाले, "गेटच्या बाहेर गेल्यावर आमचा काय संबंध? गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची आहे."

आणि ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, "आम्ही ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं असतं."

चौघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. हमालाला भराईचा दर आहे, बांधाईचा नाही. ड्रायव्हरला खेपेमागे मिळतं, बांधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचं नाही. मिलला पावतीशी काम. मालकाला भाड्याशी. मग बांधणी कुणाची? कुणाचीच नाही. जे काम कुणाचंच नसतं ते कसं होतं, हे आपण सगळे जाणतो.

आता परिणाम बघा. सरकारी खरेदीत धानाचा एक कट्टा भरतो ४० किलोचा. दहा टन म्हणजे २५० कट्टे. वरची एक-दोन थरं फाळक्याच्या वर गेलेली असतात, त्यांना अडवायला फक्त दोर. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. वरचा कट्टा खाली यायला एक सेकंदही लागत नाही. मागच्या दुचाकीवाल्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंतच दहा-बारा मीटर संपलेले असतात. ४० किलोचं पोतं अंगावर किंवा चाकाखाली आलं की पुढचं सांगायला नको.

हे झालं मागे पडणाऱ्या मालाचं. पुढे सरकणारा माल याहून वाईट. ब्रेक ट्रकच्या चाकांना लागतो, मालाला लागत नाही. गाडी थांबते, माल त्याच वेगाने पुढे जायला बघतो. त्याला थांबवतं काय? खालच्या पाट्याशी होणारं घर्षण, पुढची भिंत आणि दोर. लोखंडाच्या पाट्यावर लोखंडाच्या सळ्या ठेवल्या तर घर्षण किती मिळणार? मध्ये माती किंवा पाणी असेल तर तेवढंही नाही. अशा वेळी सळ्यांचा गठ्ठा केबिन फोडून आत येऊ शकतो. म्हणजे नीट न बांधलेल्या मालाचा पहिला बळी ड्रायव्हर स्वतः असू शकतो. हे ड्रायव्हर भावांनी मनावर घ्यावं.

तिसरा प्रकार वळणाचा. माल एका अंगाला जास्त भरला, किंवा वळणावर एका अंगाला सरकला, की गाडीचा तोल जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने ट्रक उलटला.' बातमीत गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं गाव असतं, वाहतूक किती तास ठप्प होती तेही असतं. माल कसा भरला होता, कशाने बांधला होता, हे नसतं. चौकशी तिथवर जातच नाही. सगळं 'नियंत्रण सुटले' या दोन शब्दांत मिटतं.

आणि चौथा प्रकार कुठल्याच बातमीत येत नाही. रेतीचा टिप्पर फाळक्याच्या वर ढीग करून, ताडपत्री न टाकता जातो. वाऱ्याने रेती डोळ्यांत जाते, ती वेगळी. वळणावर, गतिरोधकावर थोडी थोडी रेती सांडत जाते. संध्याकाळी त्याच वळणावर एखाद्याची गाडी घसरते, हात मोडतो. टिप्पर कधीचाच निघून गेलेला असतो. नोंद काय होते? 'दुचाकी घसरून जखमी.' ट्रकचा त्यात उल्लेखही नसतो.

देशाचा आकडा सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात दर शंभरात ४४ हून अधिक दुचाकीवरची. म्हणजे ट्रकच्या मागे-बाजूला जो कुणी असतो, तोच सर्वांत जास्त मरतो. यातले किती मालामुळे गेले, हे जिल्ह्याच्या पातळीवर कळायचं तर आधी पंचनाम्यात तो प्रश्न विचारला गेला पाहिजे.

"कायदा नाही का?" असं लोक विचारतात. आहे. आणि चांगला कडक आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये दंड, वर दर जादा टनामागे २ हजार. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आलं. माल गाडीच्या बॉडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर निघत असेल तर २० हजार दंड, माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. जादा वजनालाही तेच. पावती फाडली आणि गाडी तशीच पुढे सोडली, हे या कायद्यात बसत नाही. वजन करायला नकार दिला किंवा काट्याआधीच माल उतरवला तर ४० हजार.

सळ्यांचं तर आणखी स्पष्ट आहे. पूर्वी नियमात मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची सूट होती. २०१४ मध्ये केंद्राने ती सूट काढून टाकली. म्हणजे आज मागे लोंबणाऱ्या सळ्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलं की काम झालं, ही जी आपली समजूत आहे, तिला कायद्यात जागा नाही. फडकं दिवसा दिसतं. रात्री, पावसात, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर असताना ते फडकंही दिसत नाही आणि सळईही दिसत नाही. बाजारात येणारी सळई साधारण १२ मीटर लांब. गावातल्या बांधकामावर ती न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा तीनचाकी वापरतात. अर्धी सळई गाडीच्या बाहेर. ती दुकानातच कापून किंवा दुमडून घ्यावी, नाहीतर लांब गाडी बोलवावी. घर बांधणाऱ्याने हे स्वतः दुकानदाराला सांगावं. घर आपलं आहे, सळईही आपलीच आहे.

आता या कायद्यातले तीन शब्द नीट वाचा. दंड कुणाला? जो गाडी 'चालवतो', जो 'चालवायला लावतो' आणि जो 'चालवू देतो' त्याला. फक्त ड्रायव्हर नाही. भाड्यासाठी जादा भरायला लावणारा मालक त्यात येऊ शकतो. आपल्या डोळ्यांदेखत तशी गाडी सोडणाऱ्यालाही 'आमचा काय संबंध' म्हणून इतक्या सहज हात झटकता येऊ नयेत. पण रस्त्यावर सापडतो कोण? स्टेअरिंगवर बसलेला. चालान त्याच्या नावाचं, शिव्या त्याला, आणि अपघात झाला तर गुन्हाही त्याच्यावर. बाकीचे तिघं आपापल्या खुर्चीत.

मग काही जण म्हणतील, तपासणी वाढवा, जागोजागी पोलीस उभे करा. माझं मत वेगळं आहे. रस्त्यावरची तपासणी हवीच, पण रस्त्यावर बांधणी सुधारत नाही. शंभरातली एखादी गाडी थांबते. थांबली तर अडीचशे कट्टे रस्त्याच्या कडेला उतरवून पुन्हा लावायचे कुठे, कोण लावणार? हमाल तर मिलमध्ये राहिले. त्या जागी जे होतं ते आपल्याला माहीत आहे. शंभरच्या शंभर गाड्या ज्या एका जागेवरून जातात, ती जागा म्हणजे भरणाऱ्याचं गेट. तिथे हमाल आहेत, काटा आहे, जागा आहे, माणूस बसलेला आहे. बांधणी बघायची तर तिथेच.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. काट्याच्या पावतीसारखी बांधणीची पावती असावी. गेटपासच्या मागे पाच ओळी छापा आणि त्यावर तीन सह्या घ्या, भरणाऱ्याची, ड्रायव्हरची आणि गेटवाल्याची.

पहिली ओळ, फाळके. दोन्ही बाजूंच्या खिळ्या आणि साखळी जागेवर आहेत का? तार किंवा सुतळी चालणार नाही.

दुसरी, रचना. माल पुढच्या भिंतीला टेकलेला आहे का, दोन्ही अंगांना वजन सारखं आहे का, मध्ये पोकळी नाही ना? कट्ट्यांची थरं विटांच्या भिंतीसारखी एकात एक सांधून लावली तर निम्मं काम तिथेच होतं. जुने हमाल हे न सांगता करतात, नव्यांना शिकवावं लागतं.

तिसरी, दोर किंवा पट्टे. ताडपत्री म्हणजे बांधणी नाही. ताडपत्री पाऊस आणि वारा अडवते, माल अडवत नाही. जड मालाला, सळ्यांना, यंत्रांना साखळी नाहीतर घट्ट आवळायचा पट्टा पाहिजे. गोल वस्तूला पाचर पाहिजे. ट्रकच्या एका नव्या टायरच्या पैशात असे कितीतरी पट्टे येतात.

चौथी, ताडपत्री. रेती, गिट्टी, मुरूम फाळक्याच्या काठाच्या खाली, आणि वरून झाकलेला. मँगनीजसारखा जड माल हौद्यात थोडाच दिसतो, वजन मात्र पूर्ण झालेलं असतं. 'गाडी रिकामी दिसते, अजून टाक' हा हिशोब तिथे चालत नाही.

पाचवी, मालावर माणूस नाही. ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भरून झालं की हमाल, मजूर त्याच मालावर बसून जातात. रात्री थकलेली माणसं कट्ट्यांवर आडवी होतात. माल हलला तर पहिला तो माणूस खाली येतो. तणसाच्या गाडीवर बसलेल्याच्या डोक्यावर विजेची तार असते, ती वेगळी. मजुरांना न्यायची वेगळी सोय हा खर्च वाटत असेल तर तो दरात धरा, पण माणूस मालावर नको.

यासोबत एक पैशाची गोष्ट. बांधाईचा दर ठरवा. भराईसारखाच, गाडीमागे. तो दर नसेल तर वरच्या पाच ओळी कागदावरच राहतील. हमालाला आणि ड्रायव्हरला फुकटात जबाबदारी देऊन चालत नाही. सरकारी धानाच्या वाहतुकीत आणि भरडाईत पणन महासंघ करार करतो. त्या करारात ही अट आणि हा दर घालणं जिल्हा प्रशासन, जिल्हा पणन अधिकारी आणि मिल मालक संघटना यांनी एकत्र बसून मनावर घेतलं तर अवघड नाही. सरकारी मालापासून सुरुवात झाली की खासगीवाल्यांना कारण उरत नाही.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत मालाच्या बांधणीचे नियम आकड्यांत लिहिलेले आहेत. जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे आला तरी बांधणी टिकली पाहिजे, वळणावर बाजूला निम्म्या वजनाएवढा. सगळ्या पट्ट्यांची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी नको. आणि ड्रायव्हरने पहिल्या ५० मैलांत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, गाडी थांबवून बांधणी पुन्हा बघायची. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे उद्यापासून होऊ शकते, तिला पैसा लागत नाही. माल हादऱ्यांनी बसतो, दबतो आणि गेटवर ताणलेला दोर वीस किलोमीटरवर सैल पडतो. तुमसरहून भंडाऱ्याकडे निघालेल्याने मोहाडी-वरठीच्या दरम्यान एकदा चहाला थांबावं आणि चहाआधी दोर ओढून बघावा. एवढंच.

शेतकरी बांधवांसाठी दोन शब्द, कारण कमेंटमध्ये हा मुद्दा येणारच. तणस हलकं असतं, एका खेपेत जास्तीत जास्त न्यायचं असतं, दोन खेपांचं डिझेल परवडत नाही. मान्य. तणसाच्या ट्रॉलीला आणि महामार्गावरच्या चौदा चाकीला एकच फूटपट्टी लावा, असं मी म्हणत नाही. पण रस्ता झाकून टाकेल एवढी रुंद गाडी रात्री, मागे दिवा नसताना नेऊ नका. दिवसा न्या. मागे लाल परावर्तक पट्टी लावा. तारांखालून जाताना उतरून बघा. वरती कुणाला बसवू नका, स्वतःच्या पोराला तर नाहीच.

आता एक माहितीची गोष्ट, जी बऱ्याच घरांना ठाऊक नसते. गाडीवरून काही पडून अपघात झाला आणि गाडी निघून गेली, तिचा पत्ताच लागला नाही, तर घरचे लोक नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. ज्या वाहनाची ओळख पटत नाही अशा अपघातासाठी केंद्राची भरपाई योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये आहेत. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. त्यासाठी पोलिसांत नोंद 'गाडी घसरली' अशी न होता, कशामुळे घसरली, काय पडलं होतं, हे लिहून घ्या. रस्त्यावर पडलेल्या मालाचा फोटो काढून ठेवा. एका माणसाने एवढं केलं तरी एका घराला आधार होतो.

ही रक्कम मोठी नाही, आणि गेलेला माणूस कुठल्याच रकमेने येत नाही. म्हणून तर गेटचा विषय लावून धरायचा आहे.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत तीन विषय घ्यावेत, अशी जाहीर विनंती करतो. पहिला, सरकारी धान, तांदूळ, रेती आणि खनिज यांच्या वाहतुकीत बांधणीची सही असल्याशिवाय गेटपास नाही. दुसरा, बांधाईचा दर. तिसरा, मालवाहू गाडीच्या प्रत्येक अपघातात पंचनाम्यात माल कसा भरला आणि बांधला होता याची नोंद. नवीन कायदा लागत नाही, नवीन खातं लागत नाही. परिवहन विभाग, पोलीस, महसूल आणि पणन या चार खात्यांनी एका टेबलावर बसायचं आहे. हेच निवेदन मी लेखीही देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवावं. ड्रायव्हर आणि हमाल भावांच्या सह्या त्यावर सर्वांत आधी असाव्यात, असं मला वाटतं. कारण हा विषय त्यांच्या विरोधातला नाही. आज सगळ्यांच्या वाट्याची जबाबदारी ते एकटे उचलून राहिले आहेत, आणि तीही फुकटात.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. भरलेल्या गाडीच्या मागे चिकटून चालू नका. दोर लोंबताना, फाळका हलताना दिसला तर हॉर्न देऊन, हात करून ड्रायव्हरला सांगा. बहुतेक ड्रायव्हर थांबतात, उतरून बघतात आणि 'बरं झालं सांगितलं दादा' म्हणतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. मिलवाल्या, ट्रान्सपोर्टवाल्या मित्रांना तर आवर्जून पाठवा. काही चुकीचं वाटलं तर तेही मोकळेपणाने लिहा. गेटच्या आतली बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.